पदरमोड

ॲपलबीच्या शाळेत गुरुवारी रात्री सात ते नऊ
मी मोठ्या माणसांना भौतिकशास्त्र शिकवते.
या सत्रात पाच जण. हीटर एकच, तोही खोकणारा.
नोरा टॅलन्टायर त्याच्याजवळ कधी बसत नाही.
छत्तीस वर्षं टायर बदललेत तिने,
ट्रॅक्टरचे, दुधाच्या टँकरचे, एकदा शववाहिनीचेसुद्धा.
नखांच्या कडेला काळी रेघ, आता कातडीचीच झालेली.

मी फळ्यावर लिहिलं: अडायाबॅटिक.
म्हणजे उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही.
सिलिंडर काढला, दट्ट्या काढला,
भिंतींवर तिरप्या रेघा मारल्या: ही नाकेबंदी.
वायू पसरतो, म्हटलं, आणि गार होतो.

नोराने हात वर केला नाही. ती करत नाही.
"बाहेर काही गेलंच नाही म्हणता,
मग ऊब गेली कुठे?"

समीकरण होतं माझ्याकडे. दाब, आकारमान, गॅमाचा घात.
ते लिहिलं. तिने वहीत उतरवून घेतलं,
दुसऱ्याच्या हिशेबातली चूक
जपून ठेवावी तसं.

मग तीच उठली. सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं.
व्हॅनच्या मागे एक चाक, भंगारात निघालेलं.
तिने झडपेचं टोक दाबून धरलं,
हवा सूं करत सुटली.
"बोट लावा."
मार्चच्या थंडीतही ती थंडी वेगळी कळली.
पितळेवर पांढुरकी वाफ धरत होती.
"हे मला सोळाव्या वर्षापासून ठाऊक आहे," ती म्हणाली.
"का, ते ठाऊक नाही. म्हणून फी भरली."

आणि तिथे, उघड्यावर, मला एकदम शब्द सापडला.
कोशातला नव्हे. कोशात रुद्धोष्म की काहीसं आहे,
घसा दाटून आल्यासारखं.
हा माझ्या आत्याचा.
मिरजेत तिचं वाचनालय होतं, वर्गणीदार थोडे, उधार फार.
वर्षअखेरीस ती जमा लिहायची, खर्च लिहायची,
आणि खाली, बारीक अक्षरात, कुणाला दिसू नये असं:
पदरमोड.

आतली हवा बाहेरच्या हवेला रेटते, नोरा.
रेटणं म्हणजे काम, आणि कामाला मोल पडतं.
बाहेरून कुणी दिडकी देत नाही.
द्यायला उसंतच नसते, इतकं भरकन होतं सगळं.
मग ती आपल्याच कणांच्या धावेतून भागवते.
धाव मंदावते.
मंदावलेल्या धावेलाच बोट गार म्हणतं.
कुठे गेली नाही ऊब. खर्ची पडली.

ती बराच वेळ झडपेकडे बघत राहिली.
"आणि समोर रेटायला काहीच नसेल तर?"
पोकळी असेल तर? मग खर्च शून्य.
पसरायचं, आणि होतं तितकंच उबदार राहायचं.
निदान आदर्श वायूने.
"आदर्श," नोरा म्हणाली. "तसा एक नवरा होता मला.
पसरला, निघून गेला. गार म्हणून कधी पडला नाही."
बाकीचे चौघे हसले. मीही. ती नाही.

वर क्रॉस फेलच्या माथ्यावर हेल्मचा ढग बसला होता,
चंद्रात, कापूस पिंजून ठेवल्यासारखा.
पलीकडून हवा चढते, वर दाब कमी, ती पसरते,
गार होते, आणि अंगातलं पाणी लपवता येत नाही तिला.
अलीकडे उतरते तशी दाबली जाते, तापते,
आणि ढग कडेशी पुसून जातो.
"खर्च केलेलं परत मिळतं म्हणायचं?"
उतरताना, हो.
"मग हा वारा माझी हाडं का फोडतो?"
मुळात निघतानाच तो फार गरीब असतो, मी म्हटलं,
आणि हे पुस्तकात असं लिहिलेलं नाही, तेही सांगितलं.

एका पावतीच्या पाठीवर तिने काहीतरी टिपून घेतलं.
मग वाकली,
आणि त्या रिकाम्या चाकाच्या झडपेवर
टोपण घट्ट फिरवून बसवलं,
सवयीने.